मोडीची कळ आणि दोन ओळींची मदत

गेल्या पावसाळ्यात आमच्या परिचयातील एक निवृत्त शिक्षक घरातील जुन्या कागदांची पेटी उघडून बसले होते. पणजोबांच्या काळातील खरेदीखते, सावकाराच्या पावत्या, दोन-तीन खाजगी पत्रे, सारे मोडीत. गुरुजींना मोडी उत्तम वाचता येते. हे कागद जसेच्या तसे मोडी लिपीतच संगणकावर उतरवावेत, म्हणजे पुढच्या पिढीला मूळ लेखन आणि देवनागरी लिप्यंतर शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल, अशी त्यांची इच्छा होती. पुतण्याने ईमॅक्स हा मुक्त मजकूर-संपादक बसवून दिला आणि त्यातील मोडीची टंकनपद्धत सुरू करून दिली. अक्षरे उमटू लागली. पण सगळी नव्हेत. काही अक्षरे कोणत्याच कळीवर सापडेनात. तेव्हा पुतण्याने सांगितल्याप्रमाणे त्यांनी कंट्रोल-एच आणि मग मोठा आय दाबून टंकनपद्धतीची माहिती उघडली. तेथे इंग्रजीत अगदी त्रोटक मजकूर होता: ही ध्वन्यनुसारी पद्धत आहे, आणि पातळी बदलण्यासाठी आल्टजीआर कळीऐवजी एक चिन्ह वापरले जाते. गुरुजींच्या कळफलकावर आल्टजीआर असे लिहिलेली कळच नव्हती. चौथ्या दिवशी ते पुन्हा वहीकडे वळले.

या प्रसंगात दोष गुरुजींचा नाही, आणि ज्यांनी ही टंकनपद्धत विनामूल्य करून ठेवली त्यांचाही नाही. उलट त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडेच. 2014 साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले; त्यानंतर जुलै 2023 मध्ये आलेल्या ईमॅक्सच्या 29व्या आवृत्तीत ब्राह्मी, कैथी, शारदा यांच्या पंक्तीत मोडीही आली. हे काम करणाऱ्यांना कोणत्याही सरकारने सांगितले नव्हते. परंतु लिपी यंत्रात येणे आणि ती माणसाच्या हाती येणे यांत जे अंतर आहे, ते माहितीच्या चार ओळींनी भरून निघते, आणि त्या ओळी लिहिण्याचे काम मोडी वाचणाऱ्यांचे आहे. म्हणजे आपले आहे. तंजावर, वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, गोवा, जुन्या हैदराबाद संस्थानातील गावे आणि आमचा सीमाभाग यांच्याइतके मोडी कागद महाराष्ट्राबाहेर आणखी कोठे असणार?

ईमॅक्सविषयी वाचकांना थोडे सांगितले पाहिजे. 1976 च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीमध्ये त्याचा पहिला अवतार झाला, आणि 1985 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू ईमॅक्स लोकांपुढे ठेवला. हा संपादक स्वतःची माहिती स्वतःच देतो, असे त्याच्या पुस्तिकेत अभिमानाने म्हटलेले असते, आणि ते खरे आहे. कोणतीही कळ, कोणतीही आज्ञा, कोणतीही टंकनपद्धत यांविषयी त्यालाच विचारावे. उत्तर देणारा मजकूर त्या त्या आज्ञेच्या पोटात, तिच्या आज्ञावलीतच लिहिलेला असतो. म्हणून तो मजकूर सुधारायचा तर फार मोठे तंत्रज्ञान लागत नाही. लागते ते विषयाचे ज्ञान आणि नीट वाक्य लिहिण्याची सवय.

मोडीच्या त्या दोन ओळींत काय असावयास हवे होते? पहिली गोष्ट साधी आहे. पातळी बदलणारे चिन्ह म्हणजे कळफलकावर डावीकडे वरच्या कोपऱ्यात, एक या आकड्याच्या आधी असलेली कळ. ती आधी दाबावी, सोडावी, आणि मग दुसरी कळ दाबावी, म्हणजे एरवी न सापडणारे अक्षर उमटते. एवढे लिहिले असते तर गुरुजींची वही बंदच राहिली असती. दुसरी गोष्ट मुद्राक्षरांची. संगणकात मोडीचा फाँट नसेल तर अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी दिसतात आणि नवख्या माणसाला आपलेच काही चुकले असे वाटते. नोटो सॅन्स मोडी हा फाँट विनामूल्य मिळतो, हे तेथेच सांगितलेले बरे.

तिसरी गोष्ट खरी महत्त्वाची, आणि ती परक्या माणसाला सुचणे कठीण. मोडीच्या प्रत्यक्ष लेखनात ऱ्हस्व आणि दीर्घ इकार-उकार असा भेद पाळला जात नसे. लिहिणारा एकाच चिन्हाने काम भागवी आणि वाचणारा अर्थावरून ओळखी. युनिकोडमध्ये मात्र ऱ्हस्व आणि दीर्घ या दोहोंना स्वतंत्र संकेतांक दिलेले आहेत, आणि टंकनपद्धतीत दोहोंसाठी वेगळ्या कळी आहेत. आता कागदावर एकच वेलांटी असताना टंकणाऱ्याने कोणती निवडावी? आमच्या गुरुजींनी देवनागरी शुद्धलेखनाप्रमाणे कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ अशी निवड केली होती. वडोदऱ्यातील एखादा अभ्यासक कागदातील आकार पाहून सर्वत्र दीर्घच टंकील. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर. पण उद्या हे कागद एकत्र आले आणि कोणी ‘पाटील’ हे नाव शोधू लागले, तर एकाच्या संग्रहात ते सापडेल आणि दुसऱ्याच्या संग्रहात सापडणार नाही. यंत्र अर्थावरून ओळखत नाही. शे-दोनशे कागद टंकून झाल्यावर ही विसंगती निस्तरणे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून बसणे होय. आमचे मत असे की मूळ लेखन उतरवताना सर्वत्र एकच चिन्ह वापरावे, आणि शुद्धलेखनाचा विचार शेजारच्या देवनागरी लिप्यंतरात करावा. हे मत कोणाला मान्य होणार नाही, तरी चालेल. परंतु असा प्रश्न आहे हे टंकणाऱ्याला पहिल्याच दिवशी, टंकनपद्धतीच्या पोटातील मजकुरातच कळले पाहिजे.

‘आपण लिहिलेले ते लोक घेतील का?’ असे एका मित्राने विचारले. अर्जविनंत्यांचा आपल्याला असलेला अनुभव पाहता शंका रास्त आहे. पण येथे व्यवहार निराळा आहे. ईमॅक्सला मोठी भर घालणाऱ्याकडून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्वामित्वहक्काचे कागद करून घेते. सुमारे 15 ओळींच्या आतील सुधारणेला मात्र त्या कागदांची गरज नसते. आपल्याला लिहायच्या ओळी सात-आठच आहेत. संपादकातच त्रुटी कळवण्याची आज्ञा आहे; तिच्यातून प्रस्ताव पाठवता येतो. नाकारला गेला तर कारण लेखी मिळते आणि मजकूर सुधारून पुन्हा पाठवता येतो.

हे झाले इंग्रजी मजकुराविषयी. मराठी मजकुराचे काय? येथे भाषेचा अभ्यास करणाऱ्याला रस वाटावा असे बरेच आहे. ईमॅक्समधील माहितीच्या लेखनाचे काही संकेत आहेत. पहिली ओळ पूर्ण वाक्य असावी, कारण शोध घेताना पुष्कळदा तेवढीच दिसते. वाक्याचा आरंभ आज्ञार्थी क्रियापदाने व्हावा. आज्ञेला पुरवायच्या घटकांची नावे मोठ्या लिपीत लिहावीत. तिन्ही संकेत इंग्रजीच्या मापाने बेतलेले आहेत. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, तेव्हा त्या नावांना अवतरणचिन्हांत घालणे एवढाच मार्ग उरतो. इंग्रजी वाक्यात क्रियापद आरंभीच येते, म्हणून ओळ शेवटी तुटली तरी काय घडणार हे कळते. मराठीत क्रियापद शेवटी. ओळ तुटली की नेमके तेच नाहीसे होते आणि हाती उरते कर्म आणि विशेषणे. त्यामुळे मराठीत पहिले वाक्य सहा-सात शब्दांच्या पुढे जाता कामा नये. आपल्या सरकारी मराठीत मुरलेल्या हाताला हे पथ्य जड जाईल.

आज्ञार्थाचा पेच आणखी मौजेचा. ‘उघड’ म्हणावे, ‘उघडा’ म्हणावे की ‘उघडावे’? यंत्राला उद्देशून असेल तर पहिले, वाचकाला उद्देशून असेल तर दुसरे, पाकपुस्तकाच्या वळणाने जायचे तर तिसरे. आम्ही तिन्ही करून पाहिली आणि अखेर साध्या वर्तमानकाळावर स्थिरावलो: ‘निवडलेला मजकूर मोडीत दाखवते.’ त्यात एक अनपेक्षित सोयही निघाली. कोणी तिला ‘आज्ञा’ म्हणो, कोणी ‘फंक्शन’ म्हणो. स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी दोन्हीकडे रूप ‘दाखवते’ हेच.

शब्दांच्या बाबतीत आमचे स्वकीयांशी मतभेद आहेत, तेही सांगून टाकतो. ‘दस्तऐवजीकरण’ हा शब्द हल्ली या कामासाठी वापरला जातो. आमच्या तालुक्यात दस्तऐवज म्हटले की सब-रजिस्ट्रारचे कार्यालय आठवते. जेथे ‘मदत’ या शब्दाने काम भागते तेथे तोच वापरावा. ‘फाईल’ला ‘धारिका’ म्हणण्याचा आग्रह आम्हाला मान्य नाही. इंदूरच्या मराठी मुलाला आणि निपाणीच्या मराठी मुलाला ‘फाईल’ सारखीच कळते, ‘धारिका’ दोघांनाही सारखीच कळत नाही. याउलट ‘कळ’ हा शब्द सोपा, जुना आणि आपला आहे. तो ‘की’पुढे मागे घेण्याचे कारण नाही.

ईमॅक्समध्ये एकाच आज्ञेची माहिती अनेक भाषांत ठेवण्याची सोय नाही. त्याचा प्राथमिक पाठ तेवढा जपानी, कोरियन, थाई, हिब्रू अशा भाषांत आहे, माणसाने बसून रचलेल्या एस्पेरांतोतही आहे, मराठीत नाही. दुसऱ्या प्रसिद्ध संपादकात, व्हिममध्ये, ही सोय पूर्वीपासून आहे. ब्राम मोलेनार यांनी 1991 साली तो प्रथम प्रसिद्ध केला आणि ऑगस्ट 2023 मध्ये आपल्या निधनापर्यंत सांभाळला. (युगांडातील गरीब मुलांना मदत करा, अशी विनंती व्हिम उघडताच पहिल्या पडद्यावर दिसते. आपल्या कामाच्या दारावर आपली कळकळ लावून ठेवण्याची ही रीत आम्हाला फार आवडते.) व्हिमच्या पुष्कळ प्लगइनबरोबर मदतीची फाईल असते, तिच्याच शेजारी मराठीसाठी एमआर आणि एक्स अशी अक्षरे शेवटी असलेली दुसरी फाईल ठेवायची. वाचकाने ‘हेल्पलँग’ या पर्यायात मराठी निवडली की ती उघडते, आणि एखाद्या विषयाची मराठी माहिती नसेल तर तेवढ्यापुरती इंग्रजी दिसते. अर्धे काम झाले तरी ते वाया जात नाही.

‘हे संपादक वापरणाऱ्यांना इंग्रजी येतेच, मग मराठी मदत कशाला?’ हा आक्षेप आम्ही पुष्कळ ऐकला आहे. ज्यांना इंग्रजी येते तेच वापरतात, कारण माहिती इंग्रजीत आहे. हे वर्तुळ गुरुजींच्या पेटीपाशी तुटावयास हवे. मोडी वाचणारे आणि आज्ञावली लिहिणारे हे आज बहुधा दोन निरनिराळे लोक आहेत, आणि मोडी वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांची साठी उलटली आहे.

मोडी टंकनपद्धतीच्या मजकुराचा आठ ओळींचा मसुदा आम्ही इंग्रजीत आणि मराठीत तयार केला आहे. पातळी बदलणाऱ्या त्या कोपऱ्यातील कळीला सुटसुटीत मराठी नाव मात्र आम्हाला सुचलेले नाही. गुरुजी तिला ‘कोपऱ्यातली’ म्हणतात. वडोदरा, इंदूर किंवा गोव्याकडे कोणी तिला दुसऱ्या नावाने ओळखत असेल तर जरूर कळवावे. तोपर्यंत मसुद्यात ‘कोपऱ्यातली कळ’ असेच लिहिलेले आहे.