घोरणाऱ्यांची एंडोस्कोपी: गुंगीच्या इंजेक्शनाआधी हे सांगा

एंडोस्कोपीची चिठ्ठी दिली की बहुतेक जण विचारतात, "झोपवूनच करणार ना?" प्रश्न रास्त आहे. पण तुम्ही रात्री मोठ्याने घोरत असाल, मध्येच श्वास अडकतो असे घरचे सांगत असतील, तर ही गोष्ट गुंगी देणाऱ्या डॉक्टरांना आधी कळायला हवी.

स्लीप ॲप्नियात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. एरवी मेंदू तुम्हाला दचकवून जागे करतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. प्रोपोफॉलच्या गुंगीत हे दचकणेच मंदावते. तोंडात दुर्बीण असल्याने नेहमीचा मास्कही लावता येत नाही. आणि या औषधाचा परिणाम उलटवणारा उतारा नाही.

२०२५ मध्ये 'बीएमजे'त चीनमधील तीन रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे १००० लठ्ठ रुग्णांची गुंगी देऊन गॅस्ट्रोस्कोपी झाली. निम्म्यांना नाकातून साधी ऑक्सिजनची नळी होती, निम्म्यांना गरम, दमट ऑक्सिजन मोठ्या वेगाने देणारी 'हाय फ्लो' नळी. ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली जाण्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. फरक मोठा आहे. मात्र अभ्यास लठ्ठपणाचा होता, स्लीप ॲप्नियाचा नव्हे. हे दोन आजार बऱ्याचदा एकत्र असतात म्हणून आशा वाटते, इतकेच. शिवाय हे यंत्र प्रत्येक छोट्या एंडोस्कोपी सेंटरमध्ये नसते.

माझ्या मते यंत्राइतकीच देखरेख महत्त्वाची. ऑक्सिजन चालू असताना श्वास थांबला तरी बोटावरचा आकडा काही वेळ चांगलाच दिसतो. कॅप्नोग्राफी बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजते, त्यामुळे श्वास थांबल्याचे लगेच कळते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने मध्यम व खोल गुंगीत ती २०११ पासून आवश्यक ठरवली. तुमच्या सेंटरमध्ये आहे का, हे विचारायला संकोच नको. दुर्बीण घालणारे आणि गुंगीवर लक्ष ठेवणारे डॉक्टर वेगवेगळे असतील का, हेही विचारा.

स्लीप ॲप्नियाचे निदान झालेले नसेल, तर 'स्टॉप-बँग' ही आठ प्रश्नांची यादी कामी येते. घोरणे, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबणे, रक्तदाब, बीएमआय, वय, मानेचा घेर, पुरुष असणे. तीन किंवा जास्त उत्तरे 'हो' आली तर धोका गृहीत धरावा. त्यातली बीएमआयची मर्यादा ३५ आहे. आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, तेव्हा या एका 'नाही'वर विसंबू नका.

सीपॅप मशीन वापरत असाल तर तपासणीला सोबत न्या. झोपेच्या गोळ्या, दारू, वजन कमी करण्याची इंजेक्शने यांबद्दल लपवू नका. या इंजेक्शनांमुळे पोट उशिरा रिकामे होते. तपासणी पाच-दहा मिनिटांची असेल, तर घशात बधिरतेचा स्प्रे मारून जागेपणीही ती करता येते, हे अनेकांना कुणी सांगतच नाही. गुंगी घेतलीच, तर त्या रात्री सीपॅप लावूनच झोपा, शक्यतो कुशीवर.