साहेबांचा चेहरा, भामट्यांचा आदेश
मुंबई, प्रतिनिधी

हाँगकाँगमधील एका कंपनीच्या वित्त विभागातील कर्मचाऱ्याला जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनमधील मुख्य वित्त अधिकाऱ्याच्या नावाने ईमेल आला. गोपनीय व्यवहार करावयाचा असल्याचे त्यात म्हटले होते. कर्मचाऱ्याला शंका आली. मात्र त्यानंतर झालेल्या व्हिडिओ बैठकीत खुद्द वित्त अधिकारी आणि परिचित सहकारी दिसले, बोलले आणि शंका फिटली. त्याने १५ व्यवहारांत ५ बँक खात्यांवर सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने २१० कोटी रुपयांच्या आसपास रक्कम वळती केली. बैठकीतील अन्य सर्व चेहरे आणि आवाज बनावट असल्याचे उघड झाले, तोवर उशीर झाला होता. फसलेली कंपनी 'अरुप' ही नामांकित ब्रिटिश अभियांत्रिकी संस्था असल्याचे मे २०२४ मध्ये स्पष्ट झाले.

या प्रकरणात कंपनीच्या संगणक यंत्रणेत कोणीही शिरले नव्हते. फोडले गेले ते कुलूप विश्वासाचे होते. अशुद्ध भाषा, ढोबळ चुका या फसव्या ईमेलच्या खुणा कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षे शिकविल्या गेल्या. जनरेटिव्ह एआयने त्या पुसून टाकल्या आहेत. आता निर्दोष मजकूर हव्या त्या भाषेत क्षणार्धात तयार होतो आणि आवाजाची नक्कल करण्यास ध्वनिमुद्रणाचा छोटा तुकडाही पुरतो.

तांत्रिक हल्ल्यांचे स्वरूपही पालटत आहे. चीन सरकारच्या पाठबळावरील एका गटाने आपल्याच एआय साधनाचा गैरवापर करून जगभरातील सुमारे ३० संस्थांना लक्ष्य केल्याचे 'अँथ्रॉपिक' या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. मोहिमेतील ८० ते ९० टक्के काम एआयने केल्याचा कंपनीचा अंदाज आहे. अर्थात, यश मोजक्याच ठिकाणी मिळाले आणि एआयने काही वेळा हाती न लागलेली माहिती मिळाल्याचेही खोटेच सांगितले.

हेच शस्त्र बचावासाठीही उपयोगी पडते. गुगलच्या 'बिग स्लीप' या एआय प्रणालीने 'एस्क्यूलाइट' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या डेटाबेस प्रणालीतील त्रुटी अधिकृत आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच शोधल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. संगणकीय नोंदींच्या ढिगाऱ्यातून संशयास्पद हालचाल हेरण्याचे कामही एआय वेगाने करते. मात्र त्रुटी सापडणे आणि ती प्रत्येक संगणकावर दुरुस्त होणे यांत बराच काळ जातो. हल्लेखोराला एकच उघडी खिडकी पुरते; राखणदाराला सारे घर सांभाळावे लागते.

भारतात सायबर हल्ल्याची माहिती ६ तासांत कळविण्याचे बंधन 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने २०२२ मध्ये संस्थांवर घातले. पण ही तरतूद घटनेनंतरची आहे. घटना टाळण्याचा उपाय महागड्या साधनांपेक्षा साध्या शिस्तीत आहे. मोठी रक्कम पाठविण्यापूर्वी आधीपासून नोंद असलेल्या क्रमांकावर उलट दूरध्वनी करणे आणि दोघांची संमती घेणे, एवढ्याने हाँगकाँगमधील डाव उधळता आला असता.

खरी अडचण कार्यालयीन संस्कृतीची आहे. 'साहेबांनी सांगितले' म्हटल्यावर प्रश्न न विचारणे, हीच जेथे शिस्त मानली जाते, तेथे बनावट साहेबाचे काम सोपे होते. 'थांबा, खात्री करतो' असे वरिष्ठांना निर्धास्तपणे सांगण्याची मुभा कनिष्ठ कर्मचाऱ्याला मिळत नाही, तोवर कोणतीही यंत्रणा अपुरीच ठरेल.