हेल्प डेस्कवरून सर्व्हरकडे जाणारी वाट
खास प्रतिनिधी, पुणे

क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे १९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. कंपनीने दीड तासाच्या आत अपडेट मागे घेतले, तरी बंद पडलेले असंख्य संगणक आपोआप सुरू होईनात. एकेक यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करून सदोष फाइल काढावी लागली. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर त्याआधी रिकव्हरी की शोधणे आले. एरवी पासवर्ड बदलून देणारे हेल्प डेस्कवरील कर्मचारी त्या दिवशी सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खांद्याला खांदा लावून उभे होते.

एरवी मात्र या दोन कामांमध्ये मोठी दरी असते. हेल्प डेस्क एका वेळी एका माणसाची अडचण सोडवतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची एक आज्ञा हजारो यंत्रांवर चालते, आणि त्याची चूकही तितक्याच यंत्रांवर पसरते. त्यामुळे कंपन्या सर्व्हरचे अधिकार सहजासहजी कोणाच्या हाती देत नाहीत. अधिकाराविना अनुभव नाही आणि अनुभवाविना अधिकार नाही, असा हा तिढा आहे.

हिंजवडी-खराडीच्या कार्यालयांत परदेशी ग्राहकांसाठी रात्रपाळी करणाऱ्या तरुणांना तो चांगलाच परिचयाचा आहे. किती तिकिटे किती वेळात बंद केली, यावर त्यांचे मोजमाप होते. एकच तक्रार पुन:पुन्हा का येते, याचा छडा लावण्यात घालविलेला तास या हिशेबात तोट्याचाच ठरतो. वास्तविक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर घडतो तो याच तासात.

निव्वळ प्रमाणपत्रांनी हा प्रश्न सुटत नाही. एकेकाळी दबदबा असलेली एमसीएसए ही प्रमाणपत्रे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२१ अखेर बंद केली. रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत पर्यायी प्रश्न नसतात. चालू यंत्रावर काम करून दाखवावे लागते. त्याचा सराव घरच्या संगणकावर आभासी यंत्रे उभारून करता येतो. रॉकी लिनक्स, अल्मालिनक्स विनामूल्य आहेत; विंडोज सर्व्हरही १८० दिवस चाचणीसाठी मिळतो. त्यावर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी व डीएनएस उभारावे, मुद्दाम मोडावे आणि बॅकअपमधून पुन्हा उभे करावे. रोजचे कंटाळवाणे काम पॉवरशेलच्या चार ओळींत बसविता आले, तर ती ओळख प्रमाणपत्राहून बोलकी ठरते.

परंतु सारा भार कर्मचाऱ्यावर टाकून कंपन्यांना हात झटकता येणार नाहीत. पासवर्ड बदलण्यासारखी कामे आता स्वयंसेवा यंत्रणा आणि चॅटबॉटकडे जात आहेत. म्हणजे जिन्याची पहिली पायरीच झिजते आहे. उद्याचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हवे असतील, तर आजच्या हेल्प डेस्कला मर्यादित अधिकार, चाचणी सर्व्हर आणि रात्रीच्या बदलकामात वरिष्ठांसोबत बसण्याची मुभा द्यावी लागेल. पुढचा १९ जुलै उजाडेल तेव्हा यंत्रांपाशी धावून जाणारी माणसे कोठून आणायची, याचे उत्तर आजच शोधलेले बरे.