श्रद्धेचा भार एकट्या विद्यार्थ्यावर का?

कल्याणच्या पुढे मध्य रेल्वेला दोन फाटे फुटतात. त्यांतला एक उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मागे टाकीत कर्जतकडे जातो. या तीन गावांतील कारकून, शिक्षक आणि कामगार यांच्या घरांनी मुलांचे उच्च शिक्षण बहुधा रेल्वेच्या पासावर पार पाडले. बदलापूरपासून मुंबईचे मुख्य स्थानक सुमारे ६८ किलोमीटरवर. जाण्यायेण्यात दिवस सरतो हे खरे. परंतु रात्री मुलगा घरचे अन्न खातो आणि सणावारी घरच्यांत असतो. जेथे पास चालत नाही अशा शहरी किंवा परदेशी शिकावयास जाण्याची वेळ आली म्हणजे मात्र घरात एक वेगळीच चिंता शिरते. शुल्काची तजवीज कर्जाने होते. मुलगा किंवा मुलगी आपली राहील काय, या प्रश्नाला मात्र कोणतीही बँक तारण घेत नाही.

हा प्रश्न आजचा नाही. याच परिसरातील कल्याणच्या जोशी घराण्यात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाईंनी त्याला आपल्या आयुष्याने उत्तर दिले. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यातील कारकून. पत्नीला अमेरिकेत शिकवावे म्हणून त्यांनी १८७८ साली एका मिशनऱ्याकडे साहाय्य मागितले, तेव्हा धर्मांतराची अपेक्षा पुढे आली. ती त्यांनी मानली नाही. इकडे स्वकीयांचा समुद्रगमनाला विरोध होताच. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून सांगितले की, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. वचन त्यांनी अक्षरशः पाळले.

त्या वचनाचे गुणगान महाराष्ट्राने पुष्कळ केले. त्याची किंमत मात्र क्वचितच मोजली. कडाक्याच्या थंडीच्या मुलखात धड शेगडी नसलेली खोली, शाकाहाराची हाताने करावी लागणारी व्यवस्था, त्यावर अभ्यासाचा ताण. गोपाळरावांच्या पत्रांत उत्तेजनाबरोबर संशय आणि टोमणेही असत. परदेशी एकटी राहणारी पत्नी काय नेसते, कशी वागते, याचा हिशेब सातासमुद्रापलीकडून मागितला जात होता. प्रकृती ढासळत गेली. १८८६ च्या अखेरीस त्या स्वदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. तेव्हा वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. शिक्षण, संसार आणि धर्म या तिहींचा मेळ घालण्याचे दायित्व एकट्या कोवळ्या देहावर टाकले म्हणजे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

आनंदीबाईंच्या वर्तनात आणखी एक धडा आहे. त्या मुलखाला साजेल आणि अंग नीट झाकले जाईल अशा बेताने त्यांनी साडी नेसण्याची पद्धत बदलली. साडी सोडली नाही. कोणते आचरण मूळचे आणि कोणते केवळ सवयीचे, याचा निवाडा त्यांनी स्वतः केला. त्याच १८८३ साली इंग्लंडमध्ये पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या अगत्याने हजर राहिल्या. दोघींचे निर्णय परस्परविरुद्ध होते. परंतु दोन्ही निर्णय विचारी स्त्रियांनी आपल्या बुद्धीने घेतलेले होते. श्रद्धेला दूरदेशी टिकवून धरते ती ही विवेकबुद्धी. घरून होणारी टेहळणी नव्हे.

उल्हासनगरचा इतिहास हेच दुसऱ्या बाजूने सांगतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणनजीकच्या लष्करी छावणीतील बराकींत राहिली. १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. घरे, दुकाने, शेती सर्व मागे राहिले. तरी झुलेलालांची उपासना, चेटीचंड आणि चाळीस दिवसांचे व्रत बराकींतही चालू राहिले. याचे कारण, दुःख आणि श्रद्धा दोन्ही वाटून घ्यायला कुटुंब आणि शेजार बरोबर होते. शिकायला गेलेल्या मुलाजवळ नेमके हेच नसते. अंबरनाथच्या शके ९८२ मधील शिवालयापाशी महाशिवरात्रीला जत्रा भरते, तेव्हा दूरच्या वसतिगृहातील अंबरनाथकराचा कदाचित प्रयोगशाळेचा दिवस असतो. रमजानचे रोजे धरणाऱ्या, वा १४ एप्रिलला आपल्या वस्तीत असावे असे वाटणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती याहून निराळी नाही.

तेव्हा कर्तव्य दोघांचे आहे. शिक्षणसंस्थांनी सवलतींची खैरात करावी असे नाही. परंतु भोजनगृहात उपासाच्या आणि रोजाच्या वेळा सांभाळणे, सणादिवशी अंतर्गत परीक्षा न ठेवणे, हे थोड्या विचाराने साधण्यासारखे आहे. घरच्यांचे कर्तव्य याहून मोठे. दूरध्वनीवरचा पहिला प्रश्न पूजा झाली का, नमाज चुकला का, हा नसावा. जेवलास का, झोप मिळते का, खोलीत थंडी वाजते का, हा असावा. मुलाला जो प्रश्न विचारला जात नाही, तो मुलीला रोज विचारण्याची रीतही सोडावी. सतत जाब द्यावा लागला की मुले घराला बरे वाटेल तेवढेच सांगू लागतात, आणि मग घर व श्रद्धा दोन्ही एकदमच दुरावतात.

विद्यार्थ्यांवरही एक जबाबदारी येते. आचारात बदल करावा लागला तर तो लपवू नये. कारणासह घरी कळवावा. आईवडिलांना बदलापेक्षा लपवालपवी अधिक बोचते. यंदा कर्जतच्या मार्गावरील ज्या घरांतून मुले दूर जातील, त्यांनी आनंदीबाईंच्या निष्ठेचा आदर्श अवश्य सांगावा. पण तो सांगण्यापूर्वी मुलांच्या सामानात उबदार पांघरूण आणि मनात आपल्यावर घरचा विश्वास आहे ही खात्री, या दोन्ही गोष्टी घातल्या आहेत ना, हे पाहावे.