तिचा संशय

दहशतवाद्यांच्या ‘स्लीपर सेल’वरचा कुठलाही सिनेमा किंवा मालिका घ्या, त्यात एक प्रसंग ठरलेलाच असतो. नायक अपरात्री घरी येतो. बायको जागीच असते. ‘कुठे होतास?’ म्हणून विचारते. तो काहीतरी थातुरमातुर सांगतो. ती चिडते, रडते, नाहीतर भिंतीकडे तोंड करून झोपते. आणि आपण? आपण नायकाच्या बाजूने असतो. त्या बिचाऱ्यानं आत्ता अर्ध्या तासापूर्वी शहर वाचवलंय हे आपल्याला माहीत असतं ना! मग ही बाई उगाच काय कटकट करतेय, असं आपल्याही मनात येतं. हो, आपल्याही. बायका म्हणून आपण तिची बाजू घेतो असं काही नाही.

मला या कथा आवडतात, हे आधीच सांगते. स्वयंपाक उरकला की ‘द फॅमिली मॅन’चे एका बैठकीत तीन-तीन भाग मीही बघितलेत. २०१९ साली पहिला सीझन आला, तेव्हा मनोज वाजपेयीचा तो श्रीकांत तिवारी घराघरांत आवडला. एकीकडे दहशतवाद्यांचा माग काढायचा आणि दुसरीकडे घरचे हप्ते, मुलांची शाळा सांभाळायची, अशी त्याची ओढाताण. मुलांना वाटतं, बाबा कुठल्याशा सरकारी कचेरीत फायली सरकवतात. बायकोलाही तो कधी अर्धं सांगतो, कधी काहीच नाही. सुचित्रा शिकलेली, नोकरी करणारी, घर ओढणारी. पण तिच्या प्रश्नांना त्या घरात उत्तर नसतं. दुसऱ्या सीझनमध्ये त्याचा हिशेब चुकता होतो. लेक धृतीशी खोट्या नावानं मैत्री करणारा एक मुलगाच तिला पळवून नेतो. एका खोटं बोलणाऱ्या बापाच्या घरात दुसरा खोटं बोलणारा इतक्या सहज शिरला, हे मला त्या सगळ्या गोळीबारापेक्षा जास्त लागलं.

इतर ठिकाणी तर एवढाही विचार नसतो. २०१२ चा तमीळ ‘तुपाक्की’ आणि त्यावरून आलेला अक्षयकुमारचा ‘हॉलिडे’ (२०१४) आठवतो? मुंबईतल्या स्लीपर सेलचीच गोष्ट. त्यात नायकाची बहीण आमिष म्हणून वापरली जाते. आमिष कोणी लावलं, तर खुद्द भावानं. एकूण काय, हेरकथेतल्या बाईच्या वाट्याला वाट बघणं, रुसणं, पळवलं जाणं आणि सोडवलं जाणं एवढंच येतं. तिला काही कळलेलं असेल, तिनं काही पाहिलेलं असेल, ही शक्यता लेखकांच्या मनात फारशी येत नाही.

प्रत्यक्षात काय झालं, ते मात्र आपल्याच मुंबईशी जोडलेलं आहे. डेव्हिड हेडली हे नाव आपण विसरलेलो नाही. वडील पाकिस्तानी, आई अमेरिकन, मूळ नाव दाऊद गिलानी. २००६ साली त्यानं नाव बदललं, म्हणजे भारतात येताना कुणाला शंका यायला नको. मग ताडदेवला परदेशी जाणाऱ्यांना मदत करणारं एक ऑफिस थाटलं आणि पुन्हा पुन्हा मुंबईत येऊन ताजपासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत सगळी टेहळणी केली. काटेकोर अर्थानं त्याला ‘स्लीपर’ म्हणावं की नाही, हा वाद जाणकारांनी घालावा. पण चारचौघांसारखं राहून, हसून खेळून, आतून घात करणारा माणूस म्हणजे तोच की!

आता यातला आपल्या पुरवणीचा भाग. २००५ साली, म्हणजे २६/११ च्या तीन वर्षं आधी, न्यूयॉर्कमध्ये त्याच्या एका बायकोनं अमेरिकी तपास यंत्रणेला सांगितलं होतं की हा माणूस लष्कर-ए-तैयबाशी संबंधित आहे, पाकिस्तानात प्रशिक्षण घेऊन आलाय. हे निघालं कशातून? घरातल्या भांडणातून. मारहाणीबद्दल त्याला अटकही झाली होती. पुढे खटला चालला नाही. नंतर दुसरी, मोरोक्कोची बायको. २००७ च्या अखेरीस आणि २००८ च्या सुरुवातीला तिनं इस्लामाबादच्या अमेरिकी वकिलातीत जाऊन सांगितलं की माझ्या नवऱ्याचे दहशतवाद्यांशी संबंध आहेत. मुंबईला ती त्याच्याबरोबर जाऊन आली होती, ताजमध्ये राहिली होती. तिचंही पुढे काही झालं नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत १६६ माणसं मारली गेली. हेडली पकडला गेला तो ऑक्टोबर २००९ मध्ये, शिकागोच्या विमानतळावर. २०१३ साली त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली.

म्हणजे बघा. दोन बायका, दोन वेगळे देश, एकमेकींच्या सवती. दोघींनी एकच गोष्ट सांगितली आणि ती दोन वेगवेगळ्या फायलींत पडून राहिली.

अमेरिकी सरकारनं २०१० मध्ये याची तपासणी केली. मुंबईवर हल्ला होणार आहे असं ठामपणे कळावं एवढी माहिती हाती नव्हती, असा त्यांचा सूर होता. हे अगदीच खोटं नसेल. या बायकांना तारीख आणि जागा माहीत नव्हती. पण तारीख-जागा शोधणं हे कुणाचं काम? बायकोचं? तिनं धागा आणून हातात दिला होता. ओढायचं काम तुमचं होतं. शिवाय हाच माणूस पूर्वी अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या होता. त्याचा शब्द त्यांना वर्षानुवर्षं चालला. बायकांचा नाही चालला.

न ऐकण्यामागचं कारण कुणी कागदावर लिहून ठेवत नाही. पण आपल्याला ते ओळखू येतं, कारण आपल्याकडची पोलीस चौकी आपण पाहिलेली आहे. बाई तक्रार घेऊन गेली की पहिला प्रश्न, ‘नवऱ्याशी भांडण झालंय का?’ झालेलं असलं की संपलंच. मग ती जे सांगेल ते रागाच्या भरात, सूड म्हणून, डोक्यावर परिणाम झाल्यासारखं. ‘घरातला मामला आहे, समजुतीनं घ्या.’ अहो, पण भांडण झालं म्हणून तिनं पाहिलेलं खोटं कसं ठरतं? उलट भांडणाचं मूळच तिथे असेल. घरात हात उगारणाऱ्या माणसाला सगळ्यात जवळून तीच ओळखते. तो कुणाचा फोन आला की गॅलरीत जातो, पैसे कुठून आणतो, कुठल्या गावाला जातो म्हणून सांगतो आणि कुठून परततो, हे टिपायला तिला कुठलं प्रशिक्षण लागत नाही. धोब्याला कपडे टाकताना खिसे तपासणारी बाई आहे ती!

गंमत म्हणजे, घटना घडून गेल्यावर बाईची साक्ष चालते. त्या रात्री कामा रुग्णालयात वीस गरोदर बायकांना सुरक्षित खोलीत हलवणाऱ्या परिचारिका अंजली कुलथे यांनी पुढे कोर्टात कसाबला ओळखलं. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनंही त्यांचं म्हणणं ऐकलं. त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण माणसं गेल्यानंतर जिचे डोळे विश्वासाचे ठरतात, तिचे आधी का ठरू नयेत?

आता कुणी म्हणेल, उद्या प्रत्येक बायको नवऱ्याला दहशतवादी ठरवेल, त्याचं काय? रास्त आहे. ‘द फॅमिली मॅन’मध्येच करीम नावाचा कॉलेजातला मुलगा नुसत्या संशयावरून मारला जातो आणि नंतर ते झाकलं जातं. नाव आणि धर्म बघून शेजाऱ्यावर नजर ठेवा, असं मी मुळीच म्हणत नाही. त्यानं वस्त्या नासतात. पण दाराच्या भोकातून शेजाऱ्याच्या घरात डोकावणं वेगळं आणि एका छताखाली राहून जे सोसलं ते सांगणं वेगळं. तिचं ऐकायचं म्हणजे लगेच बेड्या ठोकायच्या असं नाही. लिहून घ्यायचं, ताडून बघायचं, आधीची कुठली तक्रार आहे का ते चाळायचं. हेडलीच्या बाबतीत एवढं झालं असतं तर २६/११ टळला असता, असं छातीठोकपणे मी सांगू शकत नाही. पण ते करून बघायला हवं होतं, हे नक्की सांगू शकते.

हेरकथा लिहिणाऱ्यांनाही एक सुचवावंसं वाटतं. पुढच्या मालिकेत त्या स्लीपर सेलमधल्या माणसाच्या घरी कॅमेरा न्या. तिथे एक बाई असेल. तिला बरंच काही कळलेलं असेल, आणि ते कुणाला सांगावं हे कळत नसेल. सकाळी डबे भरून ती चौकीची पायरी चढते आणि टेबलामागचा माणूस मान वर न करता विचारतो, ‘काय, नवऱ्याशी भांडलात का?’ तिथून पुढची गोष्ट मला बघायची आहे.