विश्लेषण : प्राप्तिकराचा रिफंड नेमका कुठे अडकतो? विवरणपत्राची स्थिती स्वतः कशी तपासायची?

नागाव, काशीद, दिवेआगरच्या कॉटेजवाल्यांचा वर्षातला सर्वात धावपळीचा आठवडा सुरू होता. खोल्या भरलेल्या, मांडवा जेट्टीवर गर्दी, वडखळ-अलिबाग रस्त्यावर गाड्यांची रांग. नेमक्या याच आठवड्यात, 31 डिसेंबर 2025 रोजी, 2024-25 या आर्थिक वर्षाचे प्राप्तिकर विवरणपत्र दुरुस्त करण्याची मुदत संपत होती. त्यातच अनेक करदात्यांना प्राप्तिकर विभागाचे एसएमएस आणि ई-मेल येत होते : तुमच्या विवरणपत्रातील रिफंडचा दावा जोखीम तपासणीत वेगळा काढला आहे, प्रक्रिया थांबवली आहे, चूक असल्यास मुदतीत सुधारित विवरणपत्र भरा. 23 डिसेंबरला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने (सीबीडीटी) या मोहिमेमागची भूमिका स्पष्ट केली. तोवर मुदतीला आठ दिवस उरले होते.

मग प्रश्न एकच. पैसे अडकले कुठे, आणि ते कुणी पाहायचे?

रिफंड म्हणजे नेमके काय?

रिफंड म्हणजे सरकारकडून मिळणारी मदत नव्हे. वर्षभरात जास्त कापला गेलेला आपलाच कर परत येतो, त्याला रिफंड म्हणतात. थळच्या खत कारखान्यातून निवृत्त झालेल्या एखाद्या कामगाराचे उदाहरण घेऊ. समजा, त्याने पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे 32 लाख रुपये साडेसात टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले. वर्षाचे व्याज झाले 2 लाख 40 हजार. 15-एच अर्ज बँकेत द्यायचा राहिला, म्हणून बँकेने 10 टक्क्यांप्रमाणे 24 हजार रुपये टीडीएस कापला. व्याज आणि थोडीशी पेन्शन धरूनही त्याचे उत्पन्न 7 लाखांच्या बरेच खाली. नव्या करप्रणालीत त्या वर्षासाठी एवढ्या उत्पन्नावर कर शून्य. म्हणजे सगळे 24 हजार त्याचेच. ते मिळवण्याचा मार्ग मात्र एकच, विवरणपत्र.

उशीर झाल्याची भरपाई मिळते का?

मिळते. विवरणपत्र मुदतीत (2025 मध्ये ही मुदत 31 जुलैऐवजी 15 आणि नंतर 16 सप्टेंबर होती) भरले असेल, तर 1 एप्रिल 2025 पासून रिफंड मंजूर होईपर्यंत दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. वरच्या उदाहरणात महिन्याला 120 रुपये. डिसेंबरमध्ये रिफंड निघाला तर नऊ महिन्यांचे 1,080. मुदतीनंतर विवरणपत्र भरले असेल तर व्याज भरल्याच्या तारखेपासून मोजले जाते. रिफंडची रक्कम एकूण कराच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याज नाही. आणि मिळालेले व्याज पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवावे लागते, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

इथे एक गोष्ट खटकते. करदात्याने कर उशिरा भरला तर त्याच्याकडून महिन्याला एक टक्का व्याज घेतले जाते. सरकारने त्याचे पैसे उशिरा दिले तर अर्धा टक्का. विभागाची चूक आणि नागरिकाची चूक यांच्या दरात एवढा फरक का, याचे समाधानकारक उत्तर आजवर मिळालेले नाही.

कायद्याने विभागाकडे किती वेळ आहे?

लोकांच्या अपेक्षेपेक्षा बराच जास्त. 2019-20 या कर आकारणी वर्षात विवरणपत्रावर प्रक्रिया होण्यास सरासरी 82 दिवस लागत होते. 2023-24 मध्ये ते 10 दिवसांवर आले, असे सीबीडीटीने सप्टेंबर 2023 मध्ये अभिमानाने सांगितले होते. त्यामुळे 'दहा दिवसांत पैसे' ही सवय लागली. कायदा मात्र बदललेला नाही. ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरले ते संपल्यानंतर नऊ महिन्यांपर्यंत बंगळुरूचे केंद्रीय प्रक्रिया केंद्र (सीपीसी) कलम 143(1) ची सूचना पाठवू शकते. सप्टेंबर 2025 पर्यंत भरलेल्या विवरणपत्रांसाठी ही मर्यादा 31 डिसेंबर 2026 आहे. म्हणजे तीन महिने रिफंड आला नाही, तरी कायद्याच्या भाषेत उशीर झालेलाच नसतो.

स्थिती कशी पाहायची?

प्राप्तिकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर पॅन आणि पासवर्डने लॉगिन करा. 'ई-फाइल', मग 'इन्कम टॅक्स रिटर्न्स', मग 'व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स'. 2025-26 हे कर आकारणी वर्ष असलेल्या चौकटीत विवरणपत्राचा प्रवास टप्प्याटप्प्याने दिसतो. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर पान नीट दिसत नसेल तर ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइटचा पर्याय निवडावा. तिथे दिसणारे शब्द इंग्रजी असले तरी अर्थ सोपे आहेत.

'पेंडिंग फॉर ई-व्हेरिफिकेशन' असे दिसले तर विवरणपत्र भरलेच गेलेले नाही, असे समजा. भरल्यापासून 30 दिवसांत आधार ओटीपी, नेटबँकिंग किंवा बँक खात्यावरून त्याची पडताळणी करावी लागते. ते जमत नसेल तर सही केलेली पावती स्पीड पोस्टाने बंगळुरूला पाठवता येते. 30 दिवस उलटल्यावर पडताळणी केली तर विवरणपत्र त्या दिवशी भरले, असे धरतात. मग विलंब शुल्कही लागते आणि रिफंडवरचे व्याजही कमी होते. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्यातल्या मर्चंट नेव्हीतल्या तरुणांना याचा फटका सहज बसू शकतो. विवरणपत्र भरून मुलगा जहाजावर गेला, आधारला जोडलेला नंबर समुद्रात बंद, ओटीपी कुणाला मिळणार? जहाज गाठण्यापूर्वी पडताळणी उरकणे, एवढाच त्यावर उपाय.

'सक्सेसफुली ई-व्हेरिफाइड' म्हणजे रांगेत आहे, थांबा. 'प्रोसेस्ड विथ रिफंड ड्यू' म्हणजे हिशेब मान्य झाला, पैसे निघायचे आहेत. 'डिफेक्टिव्ह' असे दिसले तर कलम 139(9) ची नोटीस आलेली असते आणि उत्तरासाठी 15 दिवस असतात.

हा 'डिफेक्टिव्ह' प्रकार कॉटेजवाल्यांनी नीट समजून घ्यावा. ऑनलाइन बुकिंग अ‍ॅप ग्राहकाने भरलेल्या पूर्ण रकमेवर टीडीएस कापते; 30 सप्टेंबर 2024 पर्यंत 1 टक्का, त्यानंतर 0.1 टक्का. समजा, दोन्ही सहामाहींत तीन-तीन लाखांची बुकिंग झाली, तर टीडीएस झाला 3,000 अधिक 300. फॉर्म 26-एएसमध्ये मात्र 6 लाखांची जमा दिसते. मालकाच्या खात्यात अ‍ॅपचे कमिशन वजा होऊन पाच लाखच आले आणि त्याने विवरणपत्रात तेवढेच दाखवले, तर संगणकाला एक लाखाची तफावत दिसते. फसवणूक काही नाही. फक्त पूर्ण जमा दाखवून कमिशन खर्चात धरायचे होते. 3,300 रुपयांसाठी ही कटकट कशाला, असे म्हणून अनेक जण नोटिशीकडे पाहतच नाहीत. मुदतीत उत्तर दिले नाही तर विवरणपत्रच अवैध ठरू शकते.

'रिफंड फेल्ड' दिसले तर दोष बँक खात्यात असतो. पॅनवरचे नाव आणि खात्यावरचे नाव वेगळे असणे हे एक कारण. लग्नानंतर आडनाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत हे होऊ शकते. दुसरे कारण जुना आयएफएससी कोड. कॉर्पोरेशन, आंध्र, सिंडिकेट, अलाहाबाद या बँका 1 एप्रिल 2020 पासून इतर बँकांत विलीन झाल्या, पण पोर्टलवर काहींचे जुनेच तपशील राहिले. प्रोफाइलमधील 'माय बँक अकाउंट्स'मध्ये खाते प्रमाणित करून ते रिफंडसाठी निवडावे आणि 'सर्व्हिसेस'मधून 'रिफंड री-इश्यू'ची विनंती करावी. पॅन आधारशी जोडलेले नसेल तर ते निष्क्रिय ठरते आणि रिफंड निघतच नाही.

रक्कम कमी आली तर?

कलम 245 नुसार जुन्या थकबाकीत रिफंड वळता होतो. त्याआधी सूचना येते आणि 'पेंडिंग अ‍ॅक्शन्स'मध्ये 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड' इथे ती मागणी अमान्य असल्याचे कळवता येते. गप्प राहिले की मान्य, असा विभागाचा हिशेब असतो. 2009-10 पर्यंतच्या 25 हजारांपर्यंतच्या आणि 2010-11 ते 2014-15 या काळातील 10 हजारांपर्यंतच्या जुन्या मागण्या मागे घेण्याची घोषणा फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात झाली होती. तशी एखादी मागणी अजून दिसत असेल तर तक्रार करायलाच हवी.

नोटीस आली, पण दिसलीच नाही?

बहुतेकांचे घोडे इथेच अडते. तालुक्याच्या ठिकाणी विवरणपत्र भरून देणारे अनेक जण पोर्टलवर करदात्याऐवजी स्वतःचा मोबाइल नंबर आणि ई-मेल टाकतात. ओटीपीसाठी दरवेळी फोन नको, ही सोय. पण मग 15 दिवसांची नोटीस, थकबाकीची सूचना, डिसेंबरचा इशारा, सगळे त्यांच्याच इनबॉक्समध्ये जाते. करदाता मात्र बँकेचे पासबुक भरून घेत बसतो.

यातला वाईट प्रकार त्याहून पुढचा. 14 जुलै 2025 रोजी प्राप्तिकर विभागाने देशभरात 150 ठिकाणी तपासणी केली. त्यात महाराष्ट्रही होता. रिफंडच्या रकमेवर कमिशन घेऊन खोट्या वजावटी दाखवणारे एजंट सापडले. विभागाच्या म्हणण्यानुसार, हे लोक घाऊक विवरणपत्रांसाठी तात्पुरते ई-मेल उघडत आणि नंतर सोडून देत. नोटिसा न वाचता पडून राहत. गिऱ्हाइकांत बहुराष्ट्रीय कंपन्या, सार्वजनिक उपक्रम आणि सरकारी संस्थांतील कर्मचारीही होते. आधीच्या चार महिन्यांत सुमारे 40 हजार करदात्यांनी 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. थळ, उरण, उसर, डोलवी अशा कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे वाचून घ्यावे. 'साहेब, रिफंड काढून देतो, दहा टक्के द्या' असे म्हणणारा माणूस नंतर फोन उचलत नाही. दंड मात्र करदात्याच्या पॅनवर लागतो. चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर कराच्या 200 टक्क्यांपर्यंत.

त्यामुळे रिफंड आलेला असो वा नसो, आजच प्रोफाइलमधला मोबाइल आणि ई-मेल कुणाचा आहे ते पाहा. पासवर्ड एजंटकडे असेल तर त्याला विचारायचीही गरज नाही. 'फरगॉट पासवर्ड'वर आधार ओटीपीने नवा पासवर्ड लावता येतो. सीएकडून विवरणपत्र भरून घेण्यात काहीच गैर नाही, पण किल्ली आपल्या खिशात असावी.

मग 31 डिसेंबर 2025 पूर्वी काय करायचे होते?

संदेश आला असेल तर आधी त्यातली लिंक न उघडता पोर्टलवर स्वतः जावे. रिफंडच्या नावाने खोटे एसएमएस आणि एपीके फाइल पाठवणाऱ्यांचाही हाच हंगाम असतो. विभागाच्या नोटिशीवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो लॉगिन न करता पोर्टलवर तपासता येतो. मग विवरणपत्रातली एकेक वजावट पाहावी : घरभाड्याच्या पावत्या आहेत का, देणगी दिली त्या संस्थेचा पॅन बरोबर आहे का, कधी नावही न ऐकलेल्या राजकीय पक्षाला देणगी दाखवली आहे का. चूक असेल तर 31 डिसेंबर 2025 पर्यंत सुधारित विवरणपत्र भरता येत होते. त्या मुदतीनंतर ते भरता येणार नव्हते. नंतर उरते ते अद्ययावत विवरणपत्र, ज्यात जादा कर भरावा लागतो आणि रिफंड मागता किंवा वाढवता येत नाही. दावा खरा असेल तर काहीही करण्याची गरज नाही, असे सीबीडीटीनेच म्हटले आहे.

पण हे आश्वासन अर्धवट आहे. कोणत्या रकमेवर संशय आहे, हे संदेशात सांगितलेले नाही. संगणकाने एखादा दावा वेगळा काढला, तर तो कोणता हे त्या संगणकाला ठाऊक असतेच. ते सांगायचे नाही आणि 'तुमचे तुम्ही शोधा' म्हणायचे, यात प्रामाणिक माणूस उगाच घाबरतो. थळचा तो निवृत्त कामगार 24 हजारांचा हक्काचा दावा भीतीपोटी कमी करून टाकेल, ही शक्यता विभागाने विचारात घेतलेली दिसत नाही. संशयित रक्कम, कारण आणि उत्तराची तारीख, एवढ्या तीन ओळी मराठीत पाठवणे अवघड नाही.

तोवर सीपीसीचा 1800 103 0025 हा टोल फ्री क्रमांक आहे आणि पोर्टलवर 'ग्रिव्हन्सेस' हा विभाग आहे. तक्रार लेखी करावी, पोचपावती क्रमांक जपून ठेवावा आणि त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा.