सलाम पुरे, परीक्षा घ्या!

दिवाळीच्या अंकात भांडण काढू नये, असा एक संकेत आहे. फराळाच्या ताटाशी कोणी कपाळाला आठ्या घालून बसत नाही. पण संपादकांनी विषय माझ्यावर सोपवला, आणि माझ्या मनात गेले वर्षभर एकच गोष्ट ठसठसते आहे. तेव्हा वाचकहो, हातातली चकली संपेपर्यंत माझे ऐकून घ्या. मग खुशाल मला तंटेखोर मास्तर म्हणा.

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एका बँकेच्या दारावर बाराबोरची बंदूक घेऊन उभे असतात. आमच्या सातारा जिल्ह्यात हे दृश्य नवे नाही. जेथे अपशिंगे गावाच्या नावाला लोक ‘मिलिटरी’ हे बिरूद लावतात, तेथे बँकेच्या दारावर निवृत्त हवालदार नसला तरच नवल! येणारे-जाणारे त्यांना ‘फौजी’ म्हणून हाक मारतात, रामराम घालतात. स्वातंत्र्यदिनाला त्यांच्या हाती श्रीफळ पडते. मान आहे, नाही असे नाही.

पण हे दाजी फौजेत काय करीत होते, हे त्या रामराम घालणाऱ्यांपैकी एकाने तरी कधी विचारले आहे काय? 1992 मध्ये दहावी होऊन ते भरती झाले, ते ईएमई दलात. लष्कराची तोफांपासून वायरलेसपर्यंतची सगळी यंत्रे जिवंत ठेवणारे हे दल 1943 मध्ये, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, उभे राहिले. बंदूक दाजीही शिकले. ती सगळ्यांनाच शिकावी लागते. मात्र सिकंदराबादेस त्यांच्या हाती खरे दिले गेले ते मीटर आणि सोल्डरिंगची कांडी. पुढली चोवीस वर्षे त्यांनी वायरलेस संच दुरुस्त केले. मधूनमधून ट्रेडच्या परीक्षा होत. तेथे तोंडी पोपटपंची चालत नसे. मुका संच समोर ठेवीत आणि बोलता करा म्हणत.

1999 च्या उन्हाळ्यात ते लडाखच्या बाजूला होते. तेथल्या गोष्टी ते फारशा सांगत नाहीत. सांगतात त्या संचांच्या. रात्रीच्या थंडीने बॅटरी मलूल होते, म्हणून जवान ती कोटाच्या आत, अंगाशी धरून ठेवीत. पहाटे धातू आखडतो, दुपारच्या उन्हाने पसरतो, आणि असे पुन्हापुन्हा झाले की सोल्डरच्या एखाद्या जोडाला केसाएवढी चीर पडते. असला संच मोठा लबाड! बाहेर गारठ्यात गप्प, आणि तंबूत आणून जरा शेकला की पोपटासारखा बोलू लागतो. मग दाजी तो चालू ठेवून लाकडाच्या काडीने एकेक जोड हलके ठोकून पाहत. कोणत्या टिचकीला आवाज तुटतो, तिकडे कान. “मास्तर,” ते म्हणतात, “दुखणं सापडलं की औषध दोन मिनिटांचं असतंय.”

मागच्या पावसाळ्यात बँकेचा यूपीएस कोकलू लागला आणि सगळे संगणक झोपले. पेन्शनचा दिवस, म्हाताऱ्यांची रांग रस्त्यापर्यंत. दाजींनी दारातूनच आवाज ऐकला, जळकट वास ओळखला आणि अदबीने म्हणाले, “साहेब, कपॅसिटर गेला असेल. नुसतं बघू का?” साहेब सज्जन आहेत. हसून म्हणाले, “फौजी, तुम्ही दार सांभाळा.” तिसऱ्या दिवशी पुण्याहून माणूस आला. त्याने अख्खा बोर्ड काढून नवा बसवला. जुना बोर्ड बाहेर नेताना दाजींनी पाहिला. दोन कपॅसिटरांची डोकी पुरीसारखी टम्म फुगलेली! कोठल्याही बाजारात चहाभज्यांच्या मोलाने मिळणारी वस्तू ती.

साहेबांचे चुकले असे मी म्हणत नाही. यंत्राच्या देखभालीचा करार असतो. पहारेकऱ्याने ते उघडू नये, हा नियम रास्तच आहे. माझे भांडण त्याच्या अलीकडचे आहे. हा माणूस पहारेकरी झालाच कसा?

उत्तर द्यायचे तर मला आधी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी लागेल. दाजी 2016 मध्ये निवृत्त झाले. त्याच सुमारास आमच्या शाळेला प्रयोगशाळेसाठी आणि संगणकांसाठी एक मदतनीस हवा होता. अट होती पदविकेची. अर्ज निवडण्याचे काम माझ्याकडे आले. दाजींचा अर्ज मी माझ्या हाताने, लाल पेन्सिलीने, ‘अपात्र’च्या गठ्ठ्यात टाकला. मेव्हण्याची वर्णी लावली, असे कोणी म्हणू नये ही भीती. आणि नियमावर बोट ठेवण्यातले सुख. आणि हा न्यायनिवाडा करणारा मी कोण? मी स्वतः दहावी. जुन्या लोकांच्या भाषेत मॅट्रिक! आमच्या खासगी रात्रशाळेने मला ठेवले ते दोन कादंबऱ्या वाचून पाहून. माझी पदवी कोणी विचारली नाही. म्हणजे हातचे काम पाहून माणूस ठेवता येतो, हे माझ्या संस्थेला आणि मला पक्के ठाऊक होते.

सरकारदरबारी तरी शहाणपण असेल म्हणावे, तर तेथली तऱ्हा ऐका. केंद्र सरकारचा नियम असा की, मॅट्रिक झालेल्या आणि पंधरा वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला ‘क’ गटाच्या पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचे मानता येईल. किती उदार! पण पुढे शेपूट आहे: त्या पदाला तांत्रिक कामाचा अनुभव आवश्यक नसावा. म्हणजे चोवीस वर्षे यंत्रे दुरुस्त केलेल्या माणसाला या सवलतीने कारकुनाची फाइल मिळेल, यंत्र मिळणार नाही. दिल्लीत माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचे महासंचालनालय आहे. ते अभ्यासक्रम चालवते हे खरे. सुरक्षा संस्थांना माजी सैनिकांचे काम मिळवून देते हेही खरे. यातली दाराकडे नेणारी वाट आमच्या पंचक्रोशीत चांगली मळलेली आहे.

यावर आमचे एक पदविकाधारक मित्र म्हणतात, “फौजेतली यंत्रे जुनी. आजच्या बोर्डावर डोळ्यांना न दिसणारे भाग असतात. तेथे तुमच्या दाजींची काडी काय करणार?” आक्षेप पोकळ नाही. दाजींनाही नवे शिकावे लागेल. पण चोवीस वर्षांत त्यांच्या हाताखालचे संच काय तेच राहिले? नवा संच आला की नवा नकाशा, नवा अभ्यास. शिकण्याची सवय ही काही गणवेशाबरोबर जमा करून घेत नाहीत!

अमेरिकेने 1944 मध्ये कायदा करून परतणाऱ्या सैनिकांच्या कॉलेजची फी सरकारी तिजोरीतून भरली. त्या युद्धात डग्लस एंगेलबार्ट नावाचा एक पोरगा आरमारात रडारचा तंत्रज्ञ म्हणून फिलिपाइन्सला होता. घरी येऊन त्याने 1948 मध्ये अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण केली. तुमच्या मुलांच्या हाताखाली संगणकाचा जो ‘माउस’ सरकतो, तो याच्या डोक्यातून निघाला आणि 1968 मध्ये त्याने तो सान फ्रान्सिस्कोत जगाला दाखवला. आमचे दाजी असे काही करतील असा माझा दावा नाही. त्यांनी शाळेचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केला तरी मला पुरे आहे.

घाई आहे ती पुढल्या पोरांची. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत जवानाची नोकरी चार वर्षांची, आणि त्यांतले फार तर 25 टक्के कायम करायचे, असे ठरले. बाकीचे विशीतच घरी येणार. त्यांच्या हाती कौशल्याचा दाखला असेल, असे सांगितले आहे. असेलही. पण तो वाचायचा कोणी? माझ्यासारख्या लाल पेन्सिलवाल्यांनीच ना?

दाजींना या सगळ्याचे काही नाही. मी हा लेख वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, “कशाला कुणाची झोप मोडताय मास्तर? पगार वेळेवर हाय.” बहीण मात्र करंजीचे सारण ढवळता ढवळता थांबली होती.

आमच्या शाळेतली मदतनिसाची जागा यंदा पुन्हा रिकामी झाली. गणपतीच्या आधी मी संस्थेला पत्र दिले की, अर्जदारांना एकेक तास द्या, पुढ्यात शाळेचा बंद पडलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि एक मीटर ठेवा, आणि कागद मागाहून पाहा. दाजींचा अर्ज सोबत जोडला आहे. दिवाळी आली. उत्तर नाही. अ‍ॅम्प्लिफायर कपाटावर आहे; परवा वसुबारसेला मी त्याच्यावरची धूळ पुसून ठेवली.